धुरपताबाईंनी मोरीत हात घातला

माझ्या सासूबाई धुरपताबाई यांच्याइतकं मोरीला जीव लावणारं माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात दुसरं नसेल. आमचं घर डोंगरकडा गावातलं. सासऱ्यांनी मेंढरं विकली, शेती घेतली, स्लॅबचं घर बांधलं आणि पहिल्याच वर्षी फरशीखालचा पाइप तुंबला. भांडी राखेनं घासायची जुनी सवय. राख, तेल, खरकटं मिळून आत दगड झाला होता. नवी कोरी फरशी फोडावी लागली. तेव्हापासून सासूबाई मोरीच्या हात धुऊन मागे लागल्या.

कढई धुण्याआधी कागदानं पुसायची. चहाचा चोथा झाडाच्या बुडाशी. डोकं धुतलं की जाळीवरचे केस तिथल्या तिथं उचलायचे. दर शनिवारी कढत पाणी ओतायचं. वीस वर्षं मी हे ऐकते आहे. एकदा चार शितं माझ्या हातून गेली तर म्हणाल्या, "सूनबाई, तुह्या माहेरी मोरी व्हती का उकिरडा?" त्या दिवशी मी जेवले नाही. म्हणजे त्यांच्यासमोर जेवले नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्या दिपालीला सेनगावचं स्थळ आलं. मुलगा भारत, खत-बियाण्यांचं दुकान, दोन मजली घर, दोघंच भाऊ. मी मनातल्या मनात अक्षता टाकून मोकळी झाले होते. मी, माझे मालक आणि सासूबाई असे आम्ही जीप करून घर बघायला गेलो.

पाय धुवायला आम्ही दोघी मोरीवर गेलो. पांढऱ्याशुभ्र टाइल्स. सासूबाईंनी पायांवर तांब्या ओतला. पाणी जागचं हलेना. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"पानी काहून थांबून राहिलं?"

"आत्याबाई, पाहुण्याचं घर हाय. चला की," मी दबक्या आवाजात म्हणाले.

त्यांनी पदर खोचला आणि खाली बसल्या. घरची थोरली सून पुजा टॉवेल घेऊन उभी होती, ती धावतच पुढं आली. "आज्जी, ऱ्हाऊ द्या! मी काढते. तुमी हात नका घालू!" तिचा आवाज कापत होता. मला वाटलं, लाजली बिचारी. तोवर जाळी निघाली होती आणि सासूबाईंचा हात मनगटापर्यंत आत होता.

शरमेनं मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. मुलाची आई उठून आली, माझे मालक आले, पोह्यांची बशी हातात घेऊन भारत आला. सगळ्यांच्या देखत सासूबाईंनी एक बोळा बाहेर ओढला.

केस होते. विंचरताना गळतात तसे नव्हते. मुळासकट उपटलेले झुपके होते. आणि त्यात बांगड्यांचे तुकडे. सासूबाईंनी ते तळहातावर घेऊन तांब्यातल्या पाण्यानं धुतले. हिरवे, लाल, पिवळे. म्हणजे एका वेळचे नव्हेत. मी पुजाकडे पाहिलं. तिनं दोन्ही हात टॉवेलखाली घेतले.

माझे मालक भिंतीकडे बघत उभे राहिले. मुलाची आई म्हणाली, "घर म्हनलं की भांड्याला भांडं लागतंच. थोरला जरा तापट हाय."

आता खोटं कशाला बोलू? त्या क्षणी माझ्या मनात आलं, तापट तर थोरला आहे, आपल्याला धाकटा करायचा आहे. ते केस डोळ्यांसमोर असताना मी हा विचार केला! मुलीची आई आहे मी. अजून आठवलं की माझंच मला कळत नाही.

तेवढ्यात भारत हसला. "आज्जी, वहिनीला तोंड लई हाय. हात उचलल्याबगर समजत न्हाई तिला," असं म्हणून त्यानं पोह्यांचा घास घेतला.

सासूबाई उठल्या. तुकडे त्यांनी पदराच्या गाठीत बांधले. "सूनबाई, चप्पल घाल." मग पुजाकडे वळल्या. "माहेर कोन्तं तुहं, लेकरा? येती का आमच्यासंगं?"

"पुसेगाव," ती म्हणाली आणि मान हलवली. "लेकरू शाळेत हाय."

आम्ही घरी परतलो नाही. जीप पुसेगावला नेली. विचारत विचारत पुजाचं घर गाठलं. तिची आई अंगणात तूर पाखडत होती. सेनगावहून आलो म्हटल्यावर हरखली. "तितं सोयरीक करून राहिले व्हय? करा, बाई. सोन्यासारखं घर हाय. आमी सोता बघून दिली पोरगी."

हेच शब्द मी घरी जाऊन दिपालीला सांगणार होते. सासूबाईंनी पदराची गाठ सोडली आणि तुकडे सुपात ठेवले. मोरीतून काय काय निघालं ते सांगितलं.

त्या बाईनं लाल तुकडा उचलला. उन्हात धरला. "ह्या तर म्याच भरल्या व्हत्या," ती म्हणाली. "पंचमीला आल्ती तवा."

पुजाचा बाप ओसरीवर बसून सगळं ऐकत होता. त्यानं खुंटीवरचा सदरा अंगात घातला, गुंड्या लावायचंही त्याला सुचलं नाही, आणि तसाच येऊन आमच्या जीपमध्ये बसला.