बिरूची हाळी

बिरू चालताना नेहमी सगळ्यांच्या मागे असायचा. जत्रेला जाताना, शाळेला जाताना, कुठंही. मध्येच ओरडायचा, "कोन ऱ्हायलं का रं मागं?"

"तूच ऱ्हायलास, मेंढक्या!" आम्ही म्हणायचो.

"मग बरं हाय," म्हणून गडी पुन्हा चालू लागायचा.

बिरू माझा चुलतभाऊ. आम्ही कन्नड तालुक्यातले धनगर, मेंढरांमागे रानोमाळ फिरणारे. मी शिकून औरंगाबादेत मास्तर झालो, तो फौजेत गेला. भरतीला निघाला तेव्हा मी त्याला बजावलं, "तिथं मेंढरांचं काही बोलू नकोस."

"का? चोरीची हायेत व्हय?" तो म्हणाला.

सुट्टीत घोंगडं खांद्यावर टाकून तो एकदा थेट माझ्या शाळेत आला. सहकाऱ्यांना मी म्हणालो, "गावाकडचा आहे, ओळखीचा." फाटकापाशी तो हसला. "दादा, वळखीचा तरी म्हनलास. लई उपकार!" त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग धरायला त्याला कधी जमलंच नाही.

एकाहत्तरच्या लढाईत तो गेला. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या पलटणीतला कोल्हापूरकडचा जोडीदार लंगडत माझ्या शाळेत आला. हल्ल्यात त्याच्या पायाला गोळी लागली होती. डोळ्यांत धूर, बाकीचे मागे सरकलेले, कुठं जायचं ते कळेना. तेवढ्यात धुरातून बिरूचा आवाज आला, "हुर्र्रऽ... ये ये ये!"

"बराकीत आम्ही त्याच्या या मेंढरांच्या हाळीला हसायचो," तो म्हणाला. "त्या दिवशी त्याच आवाजाच्या मागनं सरपटत आलो. मी पोचेपर्यंत तो हाळी द्यायचा थांबला नाही. शत्रूनंही आवाजावरच नेम धरला." त्याला पुढची गाडी धरायची होती. निघताना माझा हात धरून म्हणाला, "वडिलांना एवढं सांगा."

बिरूचे वडील, आमचे आबा, तेव्हा रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होते. मेंढरं चाऱ्यावाचून केव्हाच विकून झाली होती. त्या कामावरच बिरूच्या श्रद्धांजलीची सभा भरली. तहसीलदार आले, पुढारी आले. भाषण मी केलं. मेंढरं बोलवायची हाळी देत माणूस शहीद झाला, हे त्या पांढऱ्या कपड्यांपुढं सांगायची मला लाज वाटली. मी सांगितलं, "भारतमातेचा जयजयकार करत त्यानं प्राण सोडला." टाळ्या पडल्या.

सभेनंतर आबा जवळ आले. हाताला खडीची धूळ. "मास्तर, त्येच वरडला का रं त्यो? दुसरं काय नाय?"

"तेच, आबा."

"बरं. मला वाटलं, आपल्यातलं कायतरी आसंल," म्हणाले आणि पुन्हा हातोडा उचलला. पुढं आबा वारले, ते तेवढंच घेऊन.

ज्या माळावर आमचे कळप बसायचे तिथं आता संभाजीनगरची नवी वसाहत आहे. तिथल्या चौकाला बिरूचं नाव आहे. दर वर्षी कार्यक्रम होतो आणि माझंच ते वाक्य कोणीतरी जोरात म्हणतं. यंदा मी माइक मागून घेतला. सगळं सांगितलं. पाय ओढत आलेला जोडीदार, धूर, आबा, माझी लाज. मग हाळी देऊन दाखवली. म्हातारा घसा, चिरकला. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

पहिल्या रांगेतून बिरूची धाकटी बहीण ठकू उठली. सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांवर हात टेकत वर आली.

"आबाला का नाय सांगितलंस?" माइक सुरूच होता. सगळ्यांनी ऐकलं.

"आन् आशी नसती हाळी. मास्तर झालास आन् जीभ इसरलास. सर बाजूला."

मी सरलो. तिनं पदर खोचला, मान वर केली आणि हाळी दिली. रिक्षा थांबल्या. गच्च्यांवर माणसं आली. हसणारा कुठं गेला कोण जाणे.

"आसा बोलवत व्हता माजा भाऊ," ठकू म्हणाली. "माघारी या म्हनून."