हाय का?

मंगळवारी दुपारी लातूरला जमीन हलली. नांदेडच्या टेलिफोन कचेरीत काम करणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांनी त्यानंतर समोर आलेला चहा परत पाठवला. त्यांना ओळखणाऱ्यांना दुसरी घटना पहिलीहून गंभीर वाटली.

त्यांच्याइतका काळजीखोर माणूस मराठवाड्यात दुसरा नसावा. काही वर्षांपूर्वीच्या मोठ्या भूकंपाच्या वेळी सासुरवाडीला त्यांचा फोन लागेना. तेव्हापासून ते फोनवर 'हॅलो' म्हणत नाहीत, 'हाय का?' असं विचारतात. म्हणजे, आहात ना? त्यांची मुलगी लातूरला क्लाससाठी राहते. तिच्या मैत्रिणींना वाटायचं, काका इंग्रजी फाडतात.

दुसरं वेड टेलिफोन एक्स्चेंजचं. ग्राहकांना एखादी नवी सोय द्यायची तर गावोगावच्या यंत्रात बदल करावे लागत; त्यात महिने जात. ते म्हणत, "बिलोलीच्या डब्याला येगळं शिकवा, नायगावच्या डब्याला येगळं, कशापायी? अक्कल एका जागी ठेवा. डबे तिला इचारतील, कॉल कुठं धाडू? सोय बदलायची तर तिथला हुकूम तेवढा बदला." हे त्यांनी एका लग्नात जिलबी वाढणाऱ्यालाही समजावलं. जिलबी राहूनच गेली. त्यांच्या पत्नी शेजारच्या बाईला म्हणाल्या, "अक्कल एका जागी ठिवलीय बाई, पण कुठं ठिवली ते इसरलेत."

अखेर ही अक्कल ठेवायला चाचणीपुरता एक संगणक मिळाला. मुलीच्या वसतिगृहात मजल्यामजल्यावर फोन होते. पालकांना नंबर मात्र एकच ठाऊक. तो फिरवला की जो फोन मोकळा असेल तो वाजावा, असा हुकूम त्यांनी लिहून ठेवला होता. वरची परवानगी यायची होती.

त्या दुपारी तो नंबर सतत एंगेज होता. मी वार्ताहर; बातमीसाठी कचेरीत पोचलो, तेव्हा ते त्यांच्या साहेबांसमोर उभे होते.

"चुकलं तर चालू लायनीही जातील," साहेब म्हणाले.

"पोरगी तिथं हाय, साहेब."

"म्हणूनच म्हणतो, थांबा. घाईत चुकाल."

"बाकीच्यांच्याबी पोरी हायत तिथं."

साहेबांनी संगणकासमोरची खुर्ची मोकळी केली.

हुकूम चालू झाला. त्यांनी नंबर फिरवला. तळमजल्यावरच्या जेवणघरातला फोन वाजला आणि उचलला गेला.

"हाय का?"

"हाय, बाबा. आम्ही समद्या हाय. तुम्ही जेवलात का?"

"ठेव आता. मागं लोक हायत."

पलीकडून मुलगी आणखी काही सांगत होती. त्यांनी फोन ठेवला. त्याच नंबरसाठी पुढचा कॉल बिलोलीहून आला. तोही लागला.