न मोजलेल्या गोळ्या

आमच्या जैन धर्मात देव काही देत नाही. तो वीतराग आहे. त्याला राग नाही, लोभ नाही, कुणी कितीही मागितलं तरी तो हलत नाही. पाठशाळेत हे मला सातव्या-आठव्या वर्षी शिकवलं होतं आणि पुढं पन्नास वर्षं मी ते दुसऱ्यांना शिकवत आलो. गल्लीत कुणी नवस बोललं की मी गालातल्या गालात हसायचो. मग माझ्या बायकोला, पद्माला, रक्ताचा कर्करोग निघाला आणि मी रोज सकाळी पलूसच्या मंदिरात अभिषेकाला उभा राहून मागायला लागलो. ती वाचू दे, असं सुरुवातीला मागितलं. नंतर नंतर, खरं लिहायचं तर, औषधाचा खर्च झेपू दे एवढंच मागत होतो. लाज वाटायची, पण मागणं काही थांबलं नाही.

आजार मुळातून जाणार नाही पण गोळ्यांनी दाबून ठेवता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक, जन्मभर. ऐकताना मला हायसं वाटलं. सलाईन नाही, केस गळणं नाही, घरच्या घरी गिळायची गोळी. महिन्याच्या गोळ्यांचं पहिलं बिल हातात आलं तेव्हा जन्मभर म्हणजे काय ते कळलं. चिठ्ठी एकाच महिन्याची मिळायची. म्हणजे दर महिन्याला सांगलीला जायचं, रुग्णालयात दिवसभर बसायचं, तीच चिठ्ठी नव्यानं लिहून सही घ्यायची आणि मग खालच्या औषधाच्या दुकानात रांग लावायची. दर वेळी नवा तरुण डॉक्टर असायचा, मागचं पान कुणी उलटत नसे. सरकारी योजनेसाठीही फिरलो. एक कागद पुरा केला की दुसरा कमी पडायचा, शेवटी मी तो नाद सोडला. माझं खता-बियाणांचं दुकान आहे. त्यातला माल निम्म्यावर आला. रस्त्याकडेचा जमिनीचा तुकडा विकला. लेक सातारला कारखान्यात नोकरीला आहे, तिचं लग्न ठरत आलं होतं, तेही मीच पुढच्या वर्षावर ढकललं. तिनं कधी तोंडातून ब्र काढला नाही.

याच सुमारास पद्मानं नियम घेतला. आमच्यात नियम घेणं रोजचंच. कुणी अमुक भाजी सोडतं, कुणी आठवड्यातून एकदा मौन पाळतं, रात्री न जेवणं तर लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. आणि ज्यानं नियम घेतला त्याला 'का' म्हणून कुणी विचारत नाही. विचारलं तर त्याचं मन डळमळेल आणि ते पाप आपल्या माथी येईल, असं मानतात. पद्माचा नियम असा, की मंदिरातून आणलेलं गंधोदक, म्हणजे अभिषेकाचं पाणी, कपाळाला लावायचं, मौन धरायचं, आतल्या खोलीत दार लावून मनातल्या मनात णमोकार मंत्र म्हणायचा आणि एकटीनं गोळी घ्यायची. सकाळी एकदा, आणि दिवस मावळायच्या आत एकदा. मी खूश झालो. आजारी बाईनं औषधाचीच पूजा मांडली, याहून चांगलं काय. दार लागलं की मी दुकानाकडं निघायचो.

दोन-तीन महिने गेले आणि एकदा कपाटात बघतो तर नवी पाकिटं आणायची वेळ झाली तरी जुनी उरलेली. दुकानदाराकडून चुकून जास्त आली असतील असं वाटलं. पुढच्या महिन्यात आणखी उरली. सही घ्यायला मी सांगलीला जायचोच, पण एकदा गोळ्या न घेता परत आलो, कारण घरात होत्या. मग आणखी एकदा. त्या दिवशी येताना एसटीत माझे डोळे भरून आले. जो देव काही देत नाही तो मला देत होता. मी हे मंदिरात दोघा-तिघांना सांगितलं. पद्माला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "देवाची किरपा." आणि चुलीवरचं दूध बघायला आत गेली. लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही मोजल्यात का गोळ्या?"

मी तिच्यावर खेकसलो. दोन बुकं शिकली म्हणून देवावर संशय घेतेस का, असं काहीतरी बोललो. मी जन्मभर पोती मोजत आलेला माणूस. गाडीतून माल उतरताना एक पोतं कमी भरलं तर हमालाला थांबवून पुन्हा मोजायला लावतो. पण त्या गोळ्या मी मोजल्या नाहीत. देवाचं देणं मोजू नये, असं मी स्वतःला सांगत होतो. आज वाटतं, मला मोजायच्याच नव्हत्या.

पुढच्या मोठ्या तपासणीत पद्माचं रक्त बिघडलेलं निघालं. दाबून ठेवलेला आजार पुन्हा वर येत होता. मी एकटाच अहवाल घेऊन गेलो होतो. या वेळी मोठे डॉक्टर होते. त्यांनी कागद खालीवर केला आणि म्हणाले, या गोळीला आजार दाद देत नाही, आता पुढची गोळी सुरू करावी लागेल. ती केवढ्याला, हे मी विचारलं. त्यांनी सांगितलं. दुकान विकलं तरी ते वर्षभर पुरलं नसतं, आणि वर्षानंतर मी काय करणार होतो? नवी चिठ्ठी खिशात घालून मी खाली आलो. पद्मा जाणार हे मी जिना उतरता उतरता मान्य करून टाकलं होतं, इतक्या झटकन, की त्याची मला आजही शरम वाटते.

पिशवीत जुन्या गोळ्यांची न फोडलेली पाकिटं होती. घरात साठलेली ही पाकिटं दुकानदार परत घेऊन पैसे देतो का ते बघायला मी आणली होती. बाकड्यावर बसून मी ती मांडीवर काढली. शेजारी एक म्हातारी बसली होती. आटपाडीकडची, धनगर समाजातली. सुनेच्या औषधासाठी आली होती. पाकिटांकडं ती बराच वेळ बघत राहिली.

"ह्या गोळ्या ओळखते मी," ती म्हणाली. "आमच्या मालकास्नी ह्याच हुत्या. कुनाच्या हायत?"

"मंडळींच्या," मी म्हटलं.

"मग एवढ्या कशा उरल्या?"

मी तिला सांगितलं, देवाची कृपा, पुरून उरतात. सांगताना माझा आवाज मलाच पोकळ वाटला. म्हातारी हसली नाही की रागावली नाही. तिनं पदर सारखा केला.

"दादा, गोळी काय पुरून उरत न्हाई. आमचं मालक लय हट्टी. मी गोळी हातावर द्यायची, ते तोंडात टाकायचं, पानी प्यायचं. मी म्हनायची, चला, घेतली. ते गेल्यावर घोंगडं उन्हात टाकाय उलगडलं, तर घडीतनं ह्या गोळ्या पडल्या. वंजळभर. मेंढरं इकाय लागू नयेत म्हनून ठेवल्या हुत्या त्यांनी." ती माझ्याकडं वळली. "तुमच्या बाईला घरी जाऊन इचारा. आजच इचारा."

मी उठलो. तिला काही बोललो का, आठवत नाही. नाव विचारलं नाही, एवढं नक्की आठवतं. पुन्हा जिना चढून वर गेलो आणि दारातल्या माणसाशी हुज्जत घालून आत घुसलो. पाकिटं डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर गोळ्या मोजल्या. इतक्या महिन्यांत जेवढ्या पोटात जायला हव्या होत्या त्यातल्या जेमतेम निम्म्या गेल्या होत्या. डॉक्टर माझ्यावर चिडले. मग माझ्या खिशातली नवी चिठ्ठी त्यांनी मागून घेतली आणि फाडली. ते म्हणाले, औषध हरलेलं नसेलही, ते पुरतं दिलंच गेलेलं नाही. तीन महिने जुनीच गोळी, दोन्ही वेळा, एकही न चुकता. उशीर झाला असेल तर तेव्हा कळेल.

घरी पद्मा तांदूळ निवडत बसली होती. मी पाकिटं तिच्यासमोर ठेवली. तिनं मान वर केली नाही.

"संध्याकाळची घेत नव्हतीस?"

"न्हाई."

"देवासमोर बसून खोटं वागलीस?"

"खोटं कुटं? नियमच घेतलाता मी," ती म्हणाली. "पोरीचं लगीन हुईस्तवर एकच गोळी घ्यायची. मुनीम्हाराजांच्या फोटूला हात जोडून घेतलाता. तुमी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई."

मी आवाज चढवला. मला सांगायचं होतंस, मी काही कमी केलं का, दुकान गेलं असतं तर गेलं असतं, असं बरंच बोललो. ती तांदूळ निवडतच राहिली. मग तांदळातला खडा बाजूला टाकून म्हणाली, "आवं, तुमी काय कमी केलं न्हाई. पर दर महिन्याला गोळ्या आनल्या की पिशवी टेबलावर ठेवायचा आन तासभर माझ्यासंगं बोलायचा न्हाई. माझ्याकडं बगायचाबी न्हाई. ती पिशवी घरात येऊच नये असं वाटायचं मला."

मी देवाकडं खर्च झेपू दे म्हणून मागत होतो, आणि माझ्या घरात एक बाई माझा चेहरा वाचून ते मागणं पुरं करत होती. त्यालाच मी कृपा म्हणून मंदिरात सांगितलं होतं.

तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासलं. आजार खाली आला होता. पुरता नाही, पण डॉक्टर म्हणाले, हीच गोळी चालू ठेवू. लेकीचं लग्न आम्ही मंदिराच्या सभागृहात, मोजक्या माणसांत उरकून घेतलं. त्या म्हातारीला मी नंतर प्रत्येक खेपेला त्या बाकड्यावर शोधलं, ती काही दिसली नाही. देव देत नाही, हे मला आता पुन्हा पटलं आहे. पण एका बाईला नवरा गेल्यावर जे घोंगड्याच्या घडीत सापडलं, ते तिनं एका परक्या माणसाला वेळेवर सांगितलं. तिचं घर वाचलं नव्हतं, माझं वाचलं. याला काय म्हणायचं मला ठाऊक नाही. मी रोज सकाळी तिच्यासाठी हात जोडतो. आता मंदिरात मी काही मागत नाही, नुसता उभा राहतो. देवाला काय जमतं यापेक्षा मला काय दिसत नाही, याची मला जास्त भीती वाटते, आणि ती भीती त्याच्या पायाशी ठेवून घरी येतो.

घरी आल्यावर पद्माला गोळी मीच देतो, सकाळ-संध्याकाळ. ती हातावर घेते, जिभेवर ठेवते, पाणी पिते आणि मग लहान पोरीसारखा आ करून मला तोंड दाखवते. जीभसुद्धा उचलून दाखवते. असं कर म्हणून मी तिला कधी सांगितलं नव्हतं. 'राहू दे' असंही अजून एकदाही म्हटलेलं नाही.