मामाची कोरी पत्रिका

माझा पेनांवर ब्लॉग आहे आणि मी चौथी पास आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ज्याला यातली एकच पटते त्याने उधन्याला माझ्या घरी यावं. चहा मिळेल, आणि ब्लॉगही वाचून दाखवीन. (ब्लॉगच्या भीतीने बरेच जण चहा सोडतात.)

ब्लॉग सुरू झाला तो रागाने. माझी बायको इंदू गेली, तिचं निळं शाईचं पेन मागे राहिलं. त्याला निब आणायला दुकानात गेलो तर दुकानदार म्हणाला, ही कंपनीच बंद झाली काका, हे घ्या, यापेक्षा भारी आहे. घरी येऊन लिहिलं तर ते भारी पेन मांजरीने कागद ओरबाडावा तसं चालत होतं. मी एका कागदावर त्या पेनला त्याच पेनने शिव्या लिहिल्या. माझी मुलगी वैशू, तिने तो कागद टाईप करून फोटोसकट इंटरनेटवर टाकला. लोकांना शिव्या फार आवडल्या. तेव्हापासून मी लिहितो, वैशू टाईप करते, आणि जळगावचे एक मास्तर मला ‘सर’ लिहितात. मला. आयुष्यभर कापडाच्या लूमवर ‘ए काका, तार तुटली’ एवढंच ऐकलेल्या माणसाला. पेन, रबर, खोडायची पांढरी शाई, कंपासपेटीचा खिळा, सगळ्यावर माझं मत आहे आणि ते मी देतो.

तर या वैशूचं लग्न ठरलं.

आमच्या खानदेशी लोकांत मुलीच्या लग्नाची पहिली पत्रिका देवाला आणि मानाची मामाला. मामा नवरीच्या पाठीशी उभा राहिल्याशिवाय अंतरपाट धरत नाहीत. आणि पत्रिकेवर मामाचं नाव घरच्या माणसाने हाताने लिहायचं असतं. नाव नसलेली पत्रिका दिली तर बोलावणं नाही, अपमान केला असं धरतात. आतापर्यंत घरातली सगळी नावं इंदू लिहायची. ती दहावी पास होती आणि तिचं अक्षर म्हणजे मोजून लावलेल्या रोपासारखं.

वैशूचा मामा म्हणजे इंदूचा भाऊ, कामरेजचे भास्करराव. इंदू गेल्यापासून ते आमच्या घराची पायरी चढले नव्हते. भांडण काही नव्हतं. दहाव्याला जाताना एवढंच म्हणाले, “बहीण होती तोवर हे घर माझं होतं दाजी. आता बघू, कोण आठवण काढतं.” ते वाक्य माझ्या छातीत अडकून बसलं होतं. ही पत्रिका चुकली तर वैशू मामाशिवाय उभी राहणार आणि इंदूचं माहेर कायमचं तुटणार, हे मला लख्ख कळत होतं.

“बाबा, नावांचे स्टिकर छापून आणू का?” वैशू म्हणाली. “एका तासात काम होईल.”

“स्टिकर लोणच्याच्या बरणीला लावतात.”

“तुमचा हात थरथरतो म्हणून म्हटलं.”

“हात थरथरतो, पेन नाही थरथरत. आणि माझा ब्लॉग आहे.”

(हे वाक्य मी त्या दिवसांत फार वापरायचो. रिक्षावाल्यालासुद्धा.)

आता लग्नाला साजेसं पेन हवं. मी कापड मार्केटकडच्या गल्लीत गेलो. तिथे साड्यांच्या भरतकामाचं सामान विकणारं एक दुकान आहे, गल्ल्यावर पेनांचा डबा ठेवलेला. एक उचललं, हातावर ओढलं. लोण्यासारखं! अडकणं नाही, थुंकणं नाही, रेघ अशी की मेलेला माणूस उठून सही करेल.

दुकानदार गुजरातीत म्हणाला, “काका, आ पेन तो साडी माटे...”

“मला पेन शिकवू नको भाई. माझा ब्लॉग आहे.”

त्या बिचाऱ्याने हात जोडले, तो मान समजून मी निघालो.

घरी आल्यावर त्या पेनवर मी अख्खा लेख लिहिला. ‘असं पेन मी पाहिलं नाही’ असा मथळा. वैशू खरेदीत होती म्हणून भाचीने टाईप केला. खाली नंदुरबारच्या एका टेलरची प्रतिक्रिया आली, ‘काका, आम्ही ब्लाउजवर खुणा करायला हेच वापरतो.’ मी उत्तर दिलं, ‘धन्यवाद. दर्दी माणसाला चांगलं पेन बरोबर कळतं.’ त्यावर त्याने नुसते हसण्याचे चेहरे पाठवले. माणूस खूश झाला असं मला वाटलं.

मग अंघोळ करून, पाटावर बसून सगळ्या पत्रिका लिहिल्या. भास्कररावांची सगळ्यात शेवटी, जीव ओतून. इंदू असती तर तिने लिहिलं असतं, म्हणून नावाखाली हळूच दोन शब्द घातले: ‘इंदूतर्फे आग्रहाने.’ कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं. अक्षर बघून मुलगा किशोरसुद्धा म्हणाला, “बाबा, हे तुम्ही लिहिलं?” आता यात अपमान आहे का कौतुक, ते मी विचारलं नाही.

वैशाखात सकाळीच किशोरच्या गाडीतून निघालो. पत्रिका चुरगळू नयेत म्हणून मी त्या पुढे काचेखाली मांडल्या. मागे पेढ्यांचे डबे होते, आणि पेढे उन्हाने खराब होतील म्हणून त्यांच्यावर ओला टॉवेल. पेढ्यांची एवढी काळजी घेणारा मी पहिलाच असेन.

वाटेत चलथाणला माझा लूमवरचा जुना जोडीदार राहतो. त्याला पत्रिका दिली. त्याने चष्मा लावून नाव मोठ्याने वाचलं, बायकोला बोलावून दाखवलं. मग उसाचा रस, मग जेवण, मग आणखी रस. गाडी बाहेर, काचा बंद, डोक्यावर सूर्य.

कामरेजला पोचलो. भास्करराव ओट्यावर बसले होते. उठले नाहीत. त्यांच्या बायकोने, वहिनींनी, पाणी आणलं. मी भास्कररावांना कुंकू लावलं, टोपी दिली, आणि दोन्ही हातांनी पत्रिका पुढे केली. म्हटलं, “भास्करराव, मानाचं आमंत्रण तुमचं. मी स्वतः लिहिलं.”

त्यांनी पत्रिका घेतली. उलटी केली. सुलटी केली. उजेडात धरली.

“दाजी, नाव कोठे शे?”

“समोरच आहे की.”

“हळद शे. कुंकू शे. मी कोठे शे?”

मी बघितलं. रेघ होती. रेघेवर काही नव्हतं. नुसता गुळगुळीत कागद, न लिहिलेला असतो तसा. किशोर गाडीकडे धावला आणि सगळा गठ्ठा घेऊन आला. “बाबा, सगळ्याच कोऱ्या आहेत.” (त्याचा आवाज पण कोराच होता.)

भास्कररावांनी पत्रिका ओट्यावर ठेवली. “नको लिहायचं तर नाही लिहायचं,” ते म्हणाले. “पण लिहिलं म्हणून सांगायचं नाही दाजी. बहीण गेली, समजलं. नाव पण गेलं, ते पण समजलं.”

“अहो लिहिलं होतं! चलथाणला विचारा!”

“चलथाणवाल्याचं लिहिलं असेल.”

किशोरने वैशूला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “बाबा, पेन कुठून घेतलं?” मी दुकान सांगितलं.

“बाबा, ते साडीवर नक्षी काढायचं पेन आहे. वरून इस्त्री फिरवली की शाई जाते. जायलाच बनवलीय ती.”

मी लूमवर आयुष्य काढलं. आमच्या हातून कापड कोरं जातं, नक्षी पुढच्याकडे. ही गंमत मला कुणी सांगितली नव्हती. म्हणजे सांगत होता एक जण.

“मामांना सांगा,” वैशू म्हणाली, “पत्रिका बर्फाच्या कप्प्यात ठेवा. अशी शाई थंडीने परत येते म्हणतात.”

भास्करराव माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघत होते. पण वहिनी उठल्या. त्यांनी मटारची पिशवी बाजूला सारली, आमरसाचा डबा काढला आणि पत्रिका बर्फात ठेवली. मग आम्ही चौघं त्या फ्रिजसमोर बसलो. ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसतात तसे. वहिनी सारखं दार उघडून बघायच्या आणि भास्करराव म्हणायचे, “वारा लागू देऊ नको, आत राहू दे.” म्हणजे राग होता, पण आस पण होती. ते बघून मला जरा बरं वाटलं.

शेवटी वहिनींनी पत्रिका काढली. आधी ‘श्री.’ दिसलं. मग फिकट फिकट अख्खं नाव. भास्करराव जवळ आले. खालची ओळ पुसट होती, त्यांनी बोट लावून वाचली. “इंदू... तर्फे... आग्रहाने.” बोट तिथेच थांबलं.

“हे इ,” ते म्हणाले, “तिच्यासारखंच काढलंय.”

“तिनेच शिकवलं. लग्नानंतर. त्याआधी मला सहीपुरतंच येत होतं.”

भास्कररावांनी पत्रिका वहिनींकडे दिली आणि म्हणाले, “परत आत ठेव. लग्न होईस्तोवर बाहेर काढायची नाही.”

वहिनी म्हणाल्या, “अन् मटार?”

“मटार गेला खड्ड्यात.”

लग्नाला भास्करराव सगळ्यांच्या आधी आले, वैशूच्या पाठीशी उभे राहिले, आणि मंगलाष्टकं चालू असताना तिच्यापेक्षा जास्त रडले. मांडवात प्रत्येकाला सांगत होते, “आमच्या दाजींचा ब्लॉग आहे.” मी पाठ करून ठेवलेलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला फार गोड लागतं. माझी छाती सदऱ्यात मावेना. बाकीच्या पत्रिका किशोरने शेवटी स्टिकर लावून वाटल्या, पण ते इथे सांगायची गरज नाही.

यंदा भास्कररावांच्या मुलाचं लग्न आहे. परवा ते वहिनींना घेऊन स्वतः आले. पत्रिकांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, “नावं तुम्हीच लिहायची दाजी. दुसऱ्याचा हात चालणार नाही.”

मी कपाटातून माझी पेनं काढायला उठलो.

“बसा,” भास्करराव म्हणाले. “पेन आम्ही आणलंय.”

वहिनींनी पिशवीतून एक साधं बॉलपेन काढलं. कागदावर त्याची रेघ ओढली, किशोरच्या बायकोकडून इस्त्री मागून घेतली, चांगली तापवून रेघेवर फिरवली, चष्मा लावून रेघ तपासली, आणि मगच ते पेन माझ्या हातात दिलं.