चाकूचा दोष

मी मशीन डिझाइन शिकवते. म्हणजे वस्तू कुठे आणि का तुटते, हे सांगायचा मला पगार मिळतो. त्यामुळे मी घेऊन दिलेल्या चाकूला बाबांनी नावं ठेवली तेव्हा मला आधी राग आला. वाईट वाटायला जरा वेळ लागला.

बाबा मोर्शीकडच्या एका नर्सरीत संत्र्याची कलमं बांधतात. जंबेरी या रानटी लिंबाच्या रोपाच्या सालीला चीर द्यायची, संत्र्याच्या काडीवरून एक डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, सालीच्या पातळ तुकड्यासकट उतरवायचा, तो चिरेत सरकवायचा आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. तीन आठवड्यांनी पट्टी सोडली की डोळा हिरवा असेल तर लागला, काळा पडला असेल तर गेला. आमच्याकडे शेत कधीच नव्हतं. होता तो बाबांचा हात. माझं सगळं शिक्षण त्या हातावर झालं. त्यांनी बांधलेलीच रोपं पाहिजेत म्हणून लोक पार अकोटहून गाडी घेऊन यायचे, आणि कोणी तसं तोंडावर बोललं की बाबा उगाच दुसरीकडे बघायचे. शंभरातले पाच डोळे गेले तरी त्या दिवशी ते जेवताना बोलत नसत.

त्यांचा जुना चाकू मी लहानपणापासून बघत आले. पितळी पट्ट्यांचा, लाकडी मुठीचा, मिटला की चांगला मूठभर जाड. सदऱ्याच्या खिशात ठेवला की खिसा खाली ओढायचा. आईने तो खिसा किती वेळा शिवला असेल, देव जाणे. पातं साध्या लोखंडाचं, संत्र्याच्या रसाने काळं पडलेलं. रोज दगडावर घासून घासून ते आता माझ्या करंगळीच्या निम्मंही रुंद राहिलं नव्हतं. खिळा ढिला झाला होता, पातं मिटताना खटखट करायचं. मागच्या दिवाळीत मी ते बघितलं आणि माझ्यातली मास्तरीण जागी झाली.

दोन आठवडे मी मोबाइलवर चाकूच बघत होते. माझा नवरा म्हणाला, एवढी चौकशी तर लग्नाच्या वेळी माझीसुद्धा केली नव्हतीस. खरंच नव्हती केली. शेवटी एक चाकू मागवला. मिटल्यावर पेन्सिलीएवढा जाड, वजनाला तर खिशात आहे की नाही ते चाचपून बघावं लागेल इतका हलका. गंजणार नाही असं पोलाद. मुठीच्या एका पट्टीलाच चीर देऊन तिची स्प्रिंग केलेली. पातं उघडलं की ती पट्टी मागून येऊन त्याला अडवते, म्हणजे चाकू बोटावर मिटायची भीती नाही. वेगळी स्प्रिंग नाही, वेगळा खटका नाही. इतक्या कमी भागांत इतकं काम करून घेणाऱ्याला मी मनातल्या मनात सलाम ठोकला.

बाबांना तो हातात द्यायला गेले तर त्यांनी हात मागे घेतला. "खाली ठेव वं. चाकू हातात देत नसतात, भांडन होते." मी ओट्यावर ठेवला. त्यांनी उचलला, उघडला, मिटला, तळहातावर तोलला. म्हणाले, "मस्त हाय." एवढंच. पण बाबांच्या तोंडचं मस्त म्हणजे विद्यापीठाचं सुवर्णपदक. मी खुशीत अकोल्याला परत आले.

फेब्रुवारीत गेले तेव्हा बाबा नर्सरीत न जाता दुपारी घरीच बसले होते. मी विचारलं तर ते उठले आणि मला नर्सरीत घेऊन गेले. ओळीच्या ओळी पट्ट्या सोडलेल्या, आणि डोळे काळे. एक हिरवा, दोन काळे, पुन्हा एक काळा. मी मोजायला लागले आणि मधेच सोडून दिलं.

"भाऊ काय म्हणाले?" मी विचारलं. भाऊ म्हणजे नर्सरीचे मालक, माझ्याच वयाचे. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून बाबा तिथे आहेत.

"म्हने, पुढच्या साली पाहू."

आमच्याकडे पाहू म्हटलं की नाही समजायचं. बाबांनी खिशातून माझा चाकू काढला आणि बांधावर ठेवला. "हे घेऊन जाय. पातं हालते याचं. डोळा सरळ उतरत नाई, सालीले मार बसते. भाऊलेही म्या तेच सांगतलं."

मला असा राग आला! इतका महाग, इतका निवडून आणलेला चाकू, आणि तीन महिन्यांत पातं हालतं? मी तिथेच पातं धरून हलवून बघितलं. हललं नाही. बाबा म्हणाले, "तुले नाई समजनार ते. कामात समजते." मग मी चाकू पर्समध्ये टाकला, कारण चौदा वर्षं मी पोरांना हेच शिकवते आहे की वापरणाऱ्याची तक्रार आधी खरी माना.

अकोल्याला आल्यावर मी चाकू प्रयोगशाळेत नेला. पात्याच्या टोकाला भार दिला, किती लवतं ते मोजलं. पातळ पातं थोडं लवणारच, पण डोळा उतरवायला जेवढा जोर लागतो त्याच्या कितीतरी पटींनी भार दिला तरी बिजागरीत काही हललं नाही. स्क्रू घट्ट. अडवणारी पट्टी जिथे बसायला हवी तिथेच बसत होती. माझा सगळा गोंधळ उडाला. बाबा खोटं बोलत नाहीत. माझी मोजमापंही खोटं बोलत नाहीत. मग हलतंय काय? कदाचित मूठच फार पातळ असेल, दिवसभर धरून बोटं वळत असतील. कदाचित गंज न लागणाऱ्या पोलादाला बाबांच्या दगडावर धारच नीट चढत नसेल. हे कारण मला पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा मला ते हवं होतं, कारण त्यात बाबाही खरे ठरत होते आणि चाकूही. धार बघायला म्हणून मी पातं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं.

धारेवर कारखान्यातल्या चाकाच्या रेघा होत्या. सरळ, एकसारख्या, टोकापासून बुडापर्यंत. दगडाचा एकही ओरखडा नव्हता.

मी पातं उलटवून दुसरी बाजू बघितली. तेच. मग खुर्चीवर बसून राहिले. बाजारातून आणलेली आईची विळीसुद्धा बाबा आधी आपल्या दगडावर घासल्याशिवाय कांद्याला लावू देत नाहीत. कामावर तर सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा पातं दगडावर जातंच, एक दिवस चुकत नाही. ज्या पात्याला त्यांचा दगड लागला नाही, त्याने त्यांनी एकही डोळा उतरवलेला नव्हता. म्हणजे सगळ्या ओळी बांधल्या गेल्या त्या जुन्याच चाकूने. खिळा ढिला झालेल्या, तरी इतकी वर्षं शंभरातले पंच्याण्णव लावणाऱ्या.

तेव्हा मग घरी बघितलेल्या गोष्टी एकेक करून आठवल्या. बाबा चहा बशीत न ओतता कप खाटेवर ठेवून, वाकून पहिला घोट घेत होते. बसच्या तिकिटाचे पैसे मला त्यांच्या खिशातून काढायला लावले होते. मी बघत होते आणि बघितलं नव्हतं. हलत होता तो बाबांचा अंगठा.

मला रडू आलं, आणि रडता रडता पुन्हा राग आला. माझ्या चाकूवर ढकललं! मग वाटलं, ढकललं तर ढकललं, मी नाही तर कोणावर ढकलणार? मग वाटलं, त्यांना विचारू का? काय विचारू? आठवडाभर मी वर्गात एक शिकवत होते आणि फळ्यावर दुसरंच काढत होते.

पुढच्या रविवारी मी मोर्शीला गेले. बाबा म्हणाले, नर्सरीत भाऊंना भेटायचं आहे, चल. तिथे पोचलो तर बाबांनी तोंड उघडायच्या आतच भाऊ माझ्याकडे वळले.

"ताई, तुमी तं यातल्याच. काका म्हनतात चाकूनं घात केला. खरं काय ते सांगा मले. म्या दुसऱ्या मानसाले शब्द देऊन राहिलो होतो, पन काकाईले नाई म्हनाले जीवही होत नाई."

बाबा जंबेरीच्या रोपांकडे बघत होते. दोन्ही हात पाठीमागे.

"चाकूच खराब निघाला," मी म्हणाले. "मी प्रयोगशाळेत तपासला. बिजागरी सदोष आहे, भार पडला की पातं तिरकं होतं. बाबांना मी उगाच जबरदस्तीने वापरायला लावला. चूक माझी आहे." चौदा वर्षांच्या नोकरीत इतका खोटा अहवाल मी दिला नव्हता, आणि इतका सफाईदारही. आपण बाबांना वाचवलं, असं मला वाटलं.

भाऊंचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मंग झालं तं! काका, पुढच्या हंगामाले आपला जुनाच चाकू काढा. नवी मोठी ओळ लावून राहिलो, सगळी तुमच्याच हातची. दुसऱ्या कोनाले शिवू देत नाई." त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. बाबांनी मान हलवली.

परत येताना बाबा माझ्यापुढे चालत होते. स्टॅन्डजवळ आल्यावर थांबले.

"तुले समजलं होतं?"

"हो."

"मंग काहून बोलली तसं?"

मी म्हणाले, "तुमचं नाव राहावं म्हणून."

"नाव राह्यलंच होतं वं माय. चाकूनं यंदा बिघडलं, आता वयही झालं, थांबतो म्हनून सांगाले आलो होतो आज. हसतमुखानं घरी बसलो असतो." त्यांनी उजवा हात पुढे केला आणि पहिल्यांदा माझ्यापासून लपवला नाही. अंगठा थरथरत होता. "आता पुढच्या साली डोळे काळे पडले तं कोनाचा चाकू सांगशील?"

अकोल्याची बस लागली. मी ती जाऊ दिली. कलमांचा पुढचा हंगाम डिसेंबरात, त्याला आता सहा महिने उरलेत.