साडूंचं शेवाळ

विष्णुपुरीला राहणाऱ्या माझ्या साडूंनी काचेच्या पेटीत मखमलीसारखं शेवाळ वाढवलंय. पाहुण्यांना चहाच्या आधी ते दाखवतात. मला त्याहून हिरवं हवं होतं, म्हणून मी त्यातलाच एक तुकडा मागून लातूरला आणला, ताकात कालवून विटेवर लिंपला आणि रोज बोअरचं पाणी शिंपडलं. थोड्याच दिवसांत विटेवर क्षार चढला आणि शेवाळ वाळलं.

साडू घरी आले तेव्हा ती पांढरी वीट पाहून म्हणाले, "पाव्हणं, तुम्ही तर त्याला खारं पाणी पाजून राहिलात."

बायको म्हणाली, "दाजी, शेवाळच पाहिजे तर टाकीमागं लई हाय. घासून घासून हात दुखतेत माझे."

टाकी जिथे ठिबकते तिथली भिंत खरंच हिरवीगार होती. साडू उकिडवे बसले. "एवढं हिरवं माझ्याकडं बी न्हाई," म्हणाले आणि उलथनं मागून एक पापुद्रा डब्यात घेऊन गेले. त्या वाक्यावर मी महिनाभर खूश होतो.

परवा त्यांच्याकडे गेलो, तर दुसरी पेटी. साडू पाहुण्यांना सांगत होते, "हे चुनखडीवरचं, दुर्मिळ." आमच्या भिंतीवर ते इतकं दाट कधीच नव्हतं.