कणकेनं बुजवलेली कॅसेट

माझ्याकडे तीन पेट्या भरून ब्लूजच्या कॅसेट आहेत. शहाद्याला, लोणखेड्याच्या रस्त्यावरच्या आमच्या कॉलनीत, या गाण्याचं नाव घेणारा दुसरा माणूस मला इतक्या वर्षांत भेटला नाही. आधी मला त्याचा अभिमान वाटायचा. आता वाटतं, एकटं राहायची तयारी मी फारच लवकर सुरू केली होती.

पुण्याला शिकत असताना एका मित्राच्या रेकॉर्डवरून ही गाणी मी उतरवून घेतली. पुढे इथे कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागलो, तरी तो टपालाने कॅसेट पाठवत राहिला. प्रत्येकीची मी वहीत नोंद करायचो: गाणारा कोण, गिटारच्या तारांवर काच फिरवतो की सुरी, साथीला कुणी आहे का. अमेरिकेतल्या कापसाच्या शेतांतून आलेलं, कितीतरी आंधळ्या गवयांनी गायलेलं हे गाणं. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसरीत मनातलं सांगून टाकायचं. वर्गात मी हे मोठ्या तोऱ्यात समजावून सांगायचो. आमच्या खिडकीबाहेरही तेव्हा कापूसच होता आणि वेचणाऱ्या बायका गातही असत. पण ऐकण्यात व्यत्यय नको म्हणून मी खिडकी लावून घ्यायचो. असा मी शहाणा!

बायकोला यातलं काही आवडायचं नाही. "त्या आंधया मानूसनं रडनं तुमले गोड लागस," ती म्हणायची, "आन आमनं गानं कानले टोचस." मी हसण्यावारी न्यायचो. तिचा आवाज चांगला होता. श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसायची तेव्हा गल्लीतल्या बायका गाणं सुरू करायला तिच्याकडेच बघायच्या.

त्या वर्षी तिची आई ब्राह्मणपुरीला अंथरुणाला खिळली होती. कानबाईची गाणी तिला निदान कॅसेटवर तरी ऐकवावीत, असं बायकोच्या मनात आलं. मला विचारलं असतं तर मी कोरी कॅसेट आणून दिली असती का, कोण जाणे. तिने विचारलं नाही. माझ्या पेटीतली एक घेतली. कॅसेटच्या पाठीवरचा प्लॅस्टिकचा बारका तुकडा मोडला, की तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. माझ्या सगळ्या कॅसेटचे तुकडे मी मोडून ठेवले होते. ते भोक कागदाने बुजवलं की काम होतं, हे तिने मला करताना पाहिलं होतं. हाताशी कागद नसेल. पोळ्यांची कणीक होती, तिचीच गोळी करून तिने भोक बुजवलं आणि दुपारी बायका जमवून एक बाजू भरून घेतली.

संध्याकाळी मला ते कळलं आणि माझा तोल सुटला. "हाई त तुम्ही कधी लावतसच नही," ती म्हणत होती, आणि ते खरंच होतं. लावत नव्हतो, कारण तीच गाणी माझ्याकडे दुसऱ्या एका कॅसेटवरही होती. म्हणजे माझं काही गेलंच नव्हतं. तरी मी दोन खणांच्या टेपरेकॉर्डरमध्ये दोन्ही कॅसेट घातल्या आणि तिच्यादेखत तिच्या गाण्यांवर माझी गाणी परत चढवली. ती दारात उभी राहून बघत होती. आई पुढच्या कानबाईपर्यंत राहिली नाही. त्यानंतर बायको टेपरेकॉर्डरला कधी शिवली नाही आणि मी घरात असताना कधी गायलीही नाही. मला त्याचं काही वाटलं नाही, हे लिहिताना लाज वाटते.

बायको गेली तेव्हा आमच्याकडे साधा बटणांचा फोन होता. तिचे फोटो पुष्कळ आहेत, आवाज कुठेच नाही. लग्नसमारंभांच्या सीडी लावून पाहिल्या, तर ती बोलताना दिसते आणि वर बँड वाजत असतो.

मागच्या महिन्यात गावातल्या एका जुन्या मेकॅनिककडून मी टेपरेकॉर्डरचा पट्टा बदलून आणला आणि वहीतल्या क्रमाने एकेक कॅसेट ऐकायला घेतली. दुसरं काम काय आहे मला? ऐकता ऐकता ती कॅसेट आली. कणीक भोकात तशीच होती, दगडासारखी वाळलेली, तिच्यावर अंगठ्याच्या बारीक रेषा.

तिच्यावरच्या गवयाबद्दल वहीत मी लिहून ठेवलं आहे: 'जन्म, मृत्यू, चेहरा, काहीही माहीत नाही. फक्त आवाज उरला.' ते वाचून मी बराच वेळ वही हातात धरून बसलो. एरवी शेवटचं गाणं संपलं की मी लगेच बटण दाबतो. त्या दिवशी हात हलला नाही. पापड भाजताना होते तशी चरचर चालू राहिली, मग खट्ट झालं आणि अचानक पुष्कळ बायका गायला लागल्या.

मी तेव्हा गाणी संपताच रेकॉर्डिंग थांबवलं होतं. त्यापुढचं पुसलं गेलं नव्हतं. एकच कडवं उरलं होतं. त्यात तिचा आवाज शोधायला गेलो, तर सगळ्या एकदम गात होत्या आणि मला तो ओळखू येईना. ज्याला न पाहिलेल्या गवयांचे श्वाससुद्धा ओळखू येतात, त्याला बायकोचा आवाज सापडेना. कडवं संपलं. बांगड्या वाजल्या, कुणीतरी हसलं. मग टेपच्या अगदी जवळ येऊन ती एकटी, हळू आवाजात बोलली.

"आते बंद करा वं. त्यासनी येवानी येळ व्हयनी."

सगळ्या गप्प झाल्या, आणि बाहेर माझी स्कूटर येऊन थांबल्याचं मला स्वच्छ ऐकू आलं.